पाण्यात उभं राहून तहानलेलं भात

आमच्या घरापासून खाडी हाकेच्या अंतरावर होती. मधे एक मातीचा बांध. बांधाच्या अलीकडे भाताची खाचरं, पलीकडे तिवरांचं रान आणि भरती-ओहोटीचं खारं पाणी. रायगड जिल्ह्यातल्या अशा पट्ट्याला खारेपाट म्हणतात. इथलं सगळं जगणं त्या बांधावर अवलंबून असतं. बांध राहिला तर वर्षाचा भात घरात येतो, बांध गेला तर वर्ष गेलं.

मी सहावीत असताना भाद्रपदातल्या एका उधाणाला बांधाला खांड गेली. रात्री पाणी आत शिरलं आणि सकाळी पाहतो तो पोटरीला आलेलं भात गुडघाभर पाण्यात उभं. बांध वेळेवर दुरुस्त व्हावा म्हणून गावानं आधी दोनदा अर्ज केले होते. पण ते रडगाणं आज गात नाही. मला आठवतं ते पुढच्या चार दिवसांचं. ओहोटीबरोबर बरंचसं पाणी ओसरलं, वीतभर उरलं. भात बुडून कुजायला हवं होतं, निदान मला तसं वाटत होतं. पण ते कुजलं नाही. ते वाळलं! पाती सुरळीसारखी गुंडाळली गेली, शेंडे पांढरे पडले आणि भर पावसाळ्यात, पाण्यात उभं असलेलं पीक वैशाखातल्यासारखं करपून गेलं. शेजारचे आगरी काका बांधावर बसून म्हणाले, "पानी हाय, पन त्याला पिता येत नाय."

अब्बांनी शेवटचा उपाय म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यावर युरिया फेकला होता. पीक गेल्यावर त्यांनी मनाशी पक्कं केलं, की खताच्या उष्णतेनंच ते गेलं. "माझ्याच हातानं घालवलं," असं ते पुढे कितीतरी वर्षं म्हणत. मी मराठी घेऊन बी. ए. झालो, कविता लिहू लागलो. माझा आणि विज्ञानाचा संबंध शाळेबरोबरच संपला होता. पण पाण्यात उभं राहून भात तहानेनं कसं मेलं, हा प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. उत्तर शोधता शोधता मी जवळजवळ तीनशे वर्षं मागे गेलो. त्या प्रवासात भेटलेल्या माणसांची ही गोष्ट.

प्रश्न तसा स्वयंपाकघरातलाच आहे. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधी घातलं तर ताटात वाढेपर्यंत तिचं पाणी पाणी होतं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की रात्रीतून खार सुटतो आणि फोडी आक्रसतात. उलट, मनुका साध्या पाण्यात टाकल्या की सकाळी टम्म फुगतात. मंडईतली भाजीवाली मलूल मेथीवर पाणी शिंपडते आणि जुडी पुन्हा ताठ होते. हे सगळं माणसाला हजारो वर्षांपासून माहीत आहे. माहीत नव्हतं ते एवढंच, की काकडीतून पाणी ओढतं कोण आणि मनुकेत ढकलतं कोण?

झाड पाणी पितं किती, हे आधी मोजलं ते एका धर्मोपदेशकानं. इंग्लंडमधल्या टेडिंग्टन या गावचे पाद्री स्टीफन हेल्स यांना वजनं-मापं करण्याचं विलक्षण वेड होतं. १७२४ च्या उन्हाळ्यात त्यांनी सूर्यफुलाचं साडेतीन फूट उंचीचं रोप लावलेली कुंडी घेतली, मातीवरून पाणी उडून जाऊ नये म्हणून तिचं तोंड शिशाच्या पातळ पत्र्यानं बंद केलं आणि पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ ती तागडीत घातली. दिवसाच्या बारा तासांत ते रोप सरासरी सव्वा पौंड, म्हणजे जवळजवळ ५६७ ग्रॅम पाणी पानांवाटे हवेत सोडत होतं. छाटलेल्या द्राक्षवेलीच्या बुंध्याला नळी जोडून मुळं रस किती जोरानं वर ढकलतात, तेही त्यांनी पाऱ्याच्या उंचीवर मोजलं. १७२७ साली त्यांचं पुस्तक प्रसिद्ध झालं. झाड हे निव्वळ शोभेनं उभं नसून सारखं पाण्याची ने-आण करत असतं, हे त्यातून आकड्यांनिशी कळलं. पण हा जोर येतो कुठून, हे हेल्सना सांगता आलं नाही.

दुसरा माणूसही धर्माच्याच वाटेवरचा. पॅरिसमधले आबे नोले विजेच्या चमत्कारिक प्रयोगांसाठी राजदरबारात प्रसिद्ध होते. १७४८ साली ते द्रव पदार्थ उकळताना बुडबुडे का येतात याचा शोध घेत होते. त्यासाठी त्यांनी एक बाटली मद्यार्कानं काठोकाठ भरली, हवा लागू नये म्हणून तिच्या तोंडावर डुकराच्या मूत्राशयाचा पातळ पडदा घट्ट बांधला आणि बाटली पाण्यात बुडवून ठेवली. पाच-सहा तासांनी पाहतात तो पडदा ढोलासारखा फुगलेला. टाचणी टोचली तर आतून चिळकांडी उडाली! बाहेरचं पाणी पडद्यातून आत घुसलं होतं. त्यांनी मग उलट करून पाहिलं: आत पाणी, बाहेर मद्यार्क. पडदा आत खचला. म्हणजे हा पडदा पाण्याला वाट देतो, मद्यार्काला तेवढी देत नाही, हे नोले यांनी ओळखलं. पण त्यांचं मन बुडबुड्यांत होतं. ही गोष्ट त्यांनी लिहून ठेवली आणि ते पुढे गेले. पुढची जवळजवळ ऐंशी वर्षं तिच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही.

वळून पाहिलं ते आंरी द्युत्रोशे या फ्रेंच डॉक्टरानं. खानदानी घरात जन्मलेला हा माणूस. फ्रेंच राज्यक्रांतीत घराची मालमत्ता गेली. पुढे सैन्यात डॉक्टर म्हणून तो स्पेनच्या युद्धावर गेला, तिथे तापानं खंगला आणि १८०९ साली नोकरी सोडून आईजवळ खेड्यात येऊन राहिला. हाताशी सूक्ष्मदर्शक होता आणि वेळच वेळ होता. पाण्यातल्या एका बुरशीची सूक्ष्म पिशवी बाहेरचं पाणी आत घेत आतले कण बाहेर ढकलते आहे, असं त्याला दिसलं. मग त्यानं कोंबडीच्या आतड्याची पिशवी घेतली, तिच्यात दूध किंवा डिंकाचं पाणी भरलं, तोंड बांधलं आणि ती साध्या पाण्यात सोडली. पिशवी फुगली, ताठ झाली. १८२६ साली त्यानं या आत शिरण्याला 'एंडॉस्मोस' आणि बाहेर पडण्याला 'एक्सॉस्मोस' अशी नावं दिली. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ढकलणं, रेटणं. पुढे त्यांतूनच 'ऑस्मोसिस' हा शब्द आला. आपल्या पाठ्यपुस्तकांत तो 'परासरण' म्हणून येतो.

द्युत्रोशेला आधी वाटलं, की हे विजेचं काम असावं. त्या काळी ज्याचा उलगडा होत नसे, ते विजेच्या खात्यावर टाकायची पद्धतच होती. ते चुकलं. पण त्याचं मोठेपण वेगळ्याच गोष्टीत आहे. झाडात पाणी फिरतं ते कुठल्याशा गूढ 'प्राणशक्ती'मुळे, असं तेव्हाचे विद्वान म्हणत. द्युत्रोशेनं दाखवलं, की जिवंत पेशीत जे घडतं, तेच मेलेल्या कोंबडीच्या आतड्यातही घडतं. एकीकडे साखर किंवा मीठ विरघळलेलं दाट पाणी, दुसरीकडे पातळ पाणी, आणि मधे पाण्यालाच तेवढी मोकळी वाट देणारा पडदा. एवढं असलं की पाणी पातळाकडून दाटाकडे जातं. मनुका का फुगते आणि काकडी का रडते, याचं उत्तर इथे मिळालं. मनुकेच्या आत साखर दाट, म्हणून पाणी आत. काकडीच्या बाहेर मीठ दाट, म्हणून पाणी बाहेर.

मात्र पाणी किती जोरानं जातं, हे मोजायचं तर आतड्याच्या पडद्याचा उपयोग नव्हता, तो गळका. इथे या गोष्टीत एक व्यापारी येतो. मोरिट्झ ट्राउबे शिकला रसायनशास्त्र, पण घरचा दारूचा व्यापार अंगावर पडल्यानं पेढीवर बसला. व्यापार सांभाळून तो प्रयोग करी. १८६७ साली त्यानं दोन रसायनांची द्रावणं एकमेकांना भिडवून त्यांच्या सीमेवर तांब्याच्या एका संयुगाचा तपकिरी पापुद्रा तयार केला. हा पापुद्रा पाणी जाऊ देई, साखर अडवी. पण तो इतका नाजूक, की बोट लावलं तर फाटे.

हाच पापुद्रा विल्हेल्म फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं कामाला लावला. फेफर औषधविक्रेत्याचा मुलगा, हात नेमका. लाजाळूचं पान मिटतं तेव्हा त्याच्या देठाच्या गाठीतल्या पेशी पाणी सोडून देतात. तिथून त्याला या जोराचं कुतूहल लागलं होतं. त्यानं सच्छिद्र मातीचं, भाजलेलं छोटं भांडं घेतलं आणि ट्राउबेचा पापुद्रा त्या मातीच्या छिद्रांतच तयार केला. आता त्याला मातीचा आधार मिळाला. भांड्यात साखरेचं पाणी, बाहेर साधं पाणी आणि वर पाऱ्याची नळी. १८७७ साली त्यानं आकडे प्रसिद्ध केले. शंभरात एक भाग साखर असलेल्या पाण्यानं पारा ५३५ मिलिमीटर चढवला. सहा भाग साखर असताना दाब तीन हजार मिलिमीटरच्या वर गेला, म्हणजे हवेच्या दाबाच्या चौपट. मोटारीच्या चाकात हवा भरतो ती साधारण दोन-अडीच पट. चहात घालतो तितपत साखर, आणि तिच्यापोटी एवढा जोर! कोवळा कोंब जमीन फोडून वर येतो, पिंपळाचं मूळ भिंत चिरतं, ते कशाच्या बळावर, याचा अंदाज त्या आकड्यांवरून आला.

त्याच वर्षी हॉलंडमधला ह्यूगो द फ्रीस जिवंत पेशीकडे पाहत होता. वनस्पतीच्या पेशीची रचना मी माझ्यापुरती अशी समजून घेतली आहे: बाहेर पेशीभित्तिका, ती जणू सायकलचा टायर, आत पातळ पटलात गुंडाळलेला जीवद्रव्याचा गोळा, ती ट्यूब. गोळ्याच्या मधोमध मोठी रिक्तिका, तिच्यात क्षार आणि साखर विरघळलेला रस. पाणी आत शिरलं की ट्यूब टायरला रेटते, पेशी ताठ होते. अशा लाखो ताठ पेशींमुळे कोवळी देठं उभी राहतात. बाहेर खारट पाणी आलं की उलटं. ट्यूबमधली हवा जावी तसं पाणी बाहेर जातं, गोळा आक्रसतो आणि भित्तिकेपासून सुटतो. कार्ल नेगेली यांनी हे आक्रसणं १८५५ च्या सुमारास पाहिलं होतं. द फ्रीसनं १८७७ साली त्याला 'प्लाझ्मोलिसिस' हे नाव दिलं. मराठीत त्याला 'रसद्रव्यकुंचन' म्हणतात.

द फ्रीसची युक्ती साधी होती. त्यानं एका झाडाची जांभळी पानं घेतली. पान वरून हिरवं, पोटाकडून जांभळं. आपल्याकडे बागांमधून 'रिओ' म्हणून कुंडीत लावतात तेच. पानाची पोटाकडची साल सोलून वेगवेगळ्या दाटपणाच्या द्रावणांत ठेवायची आणि जांभळा रंग कुठल्या द्रावणात भित्तिकेपासून सुटू लागतो ते पाहायचं. पेशीच इथे तागडी झाली. १८८४ साली त्यानं याचे सविस्तर निष्कर्ष मांडले. आपल्या कॉलेजांतल्या प्रयोगशाळेत विद्यार्थी आजही याच पानाची साल सोलतात. आमच्या धाकटीनं बारावीत असताना मला एकदा सूक्ष्मदर्शकातून ते दाखवलं. मिठाच्या पाण्याचा एक थेंब पडला आणि काही मिनिटांत एकेक जांभळा चौकोन भिंतीपासून सुटून मधे गोळा होऊ लागला. मी पाहत होतो पान, मला दिसत होतं आमचं खाचर.

पुढचा प्रसंग ॲमस्टरडॅमच्या रस्त्यावरचा. द फ्रीसचे सहकारी, रसायनशास्त्राचे प्राध्यापक फान्ट हॉफ त्यांना रस्त्यात भेटले. बोलता बोलता द फ्रीसनं फेफरच्या आकड्यांची गोष्ट काढली: उष्णता एका अंशानं वाढली, की हा दाब सुमारे २७० व्या हिश्शानं वाढतो. फान्ट हॉफ चमकले. वायूचा दाब उष्णतेबरोबर जवळजवळ याच प्रमाणात वाढतो, हे त्यांना पाठ होतं. पाण्यात विरघळलेले साखरेचे कण वायूच्याच नियमानं वागतात, असं सूत्र त्यांनी १८८५ ते १८८७ या काळात मांडलं. १९०१ साली नोबेल पारितोषिकं सुरू झाली, तेव्हा रसायनशास्त्राचं पहिलं पारितोषिक त्यांनाच मिळालं. झाडाची तहान मोजणाऱ्या एका माणसाच्या रस्त्यातल्या गप्पांचा त्यात वाटा होता.

एक गाठ उरली होती. मीठ या सूत्रात बसत नव्हतं. साखरेच्या एका कणाच्या तुलनेत मिठाचा एक कण जवळजवळ दुप्पट ओढ दाखवत होता. स्वीडनच्या स्वान्ते अरेनियस यांनी १८८७ साली उलगडा केला: पाण्यात पडताच मीठ दोन भारित कणांत फुटतं. एकाचे दोन होतात, म्हणून ओढही दुप्पट. खाऱ्या पाण्याचा जुलूम एवढा का, ते इथे कळतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांची ओढ हवेच्या दाबाच्या पंचवीस-सत्तावीस पट भरते. भाताच्या मुळातल्या पेशींची ओढ याच्या निम्म्यालाही पोचत नाही. या रस्सीखेचीत भात हरणारच. पाणी सभोवार असूनही मुळांना ते आत ओढता येत नाही. उलट आहे तेही बाहेर खेचलं जातं. वर मिठातलं सोडियम आत शिरून पेशीला विषासारखं बाधतं, ते वेगळंच. आगरी काकांनी बांधावर बसून एका वाक्यात सांगितलं, ते सिद्ध करायला युरोपला दीडशे वर्षं लागली.

गोष्ट तिथेही संपली नाही. पटलातून पाणी इतक्या झपाट्यानं जातं कसं, ही शंका होतीच. अमेरिकेतले डॉक्टर पीटर ॲग्री रक्तगटाच्या प्रथिनांवर काम करत होते. त्यांना तांबड्या पेशीत एक अनोळखी प्रथिन सापडलं. १९९२ साली त्यांनी ते बेडकाच्या अंड्यांत तयार करवलं आणि ती अंडी साध्या पाण्यात टाकली. साधी अंडी तशीच राहिली. हे प्रथिन असलेली फुगून फुटली. पेशीच्या पटलात पाण्यासाठी स्वतंत्र दारं असतात, हे सिद्ध झालं. पुढच्याच वर्षी वनस्पतीतही अशी दारं सापडली. तहान पडली की झाड ही दारं कमी-जास्त करू शकतं. ॲग्री यांना २००३ चं नोबेल मिळालं. नोले बुडबुडे शोधत होते, ॲग्री रक्तगट. दोघांनाही सापडलं ते पाणीच.

मग बांधापलीकडची तिवरं कशी जगतात? ती तर रोज दोनदा त्याच पाण्यात बुडतात. तिवराचं पान चाटून पाहा. ते खारट लागतं. नकोसं मीठ ते झाड पानांवाटे बाहेर टाकतं. शिवाय बरंचसं मीठ कांदळवनातली झाडं मुळाशीच अडवतात आणि आत समुद्रापेक्षा जास्त ओढ सांभाळतात. १९६५ साली शोलँडर या शास्त्रज्ञानं फांदीवर दाब देऊन ती ओढ मोजण्याची रीत दाखवली. खाऱ्या पाण्यातल्या झाडांत ती हवेच्या दाबाच्या तीसपटीहून अधिक निघाली. आमच्याकडचं जुनं तांबडं राता भातही इतर भातांपेक्षा खार जास्त सोसतं. गोव्याच्या खाजणांतलं कोरगुट तसंच. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं 'पनवेल-१', 'पनवेल-२', 'पनवेल-३' अशी खार सोसणारी भातं तयार केली. अर्थात यांतलं कुठलंच तिवर नव्हे. सोसण्याला हद्द असते, आणि ती ओलांडू न देणं हे बांधाचं काम. समुद्राची पातळी वाढते आहे आणि तिवरं तोडली जात आहेत, अशा दिवसांत ते काम अधिकच अवघड झालं आहे.

हे सगळं वाचून झाल्यावर एका रात्री मी कागद घेऊन हिशेब मांडला. एका गुंठ्यात नुसतं चार इंच पाणी साचलं, तर ते साधारण दहा हजार लिटर होतं. समुद्राचं असेल तर त्यात साडेतीनशे किलो मीठ. पावसाळ्यात खाडीचं पाणी पातळ असतं, म्हणून निम्मं धरू: पावणेदोनशे किलो. अब्बांनी गुंठ्याला फेकला असेल तो किलोभर युरिया. पावणेदोनशे किलोंपुढे एक किलो! जादा खतानं पीक करपतं हे खरं, त्याचं कारणही हेच परासरण. पण त्या वर्षी आमचं भात खतानं गेलं नव्हतं. अब्बांनी पोतं उघडलं, त्याच्या आधीच ते मेलं होतं.

हा कागद त्यांना दाखवायला मला उशीर झाला. ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. तो कागद मी त्यांच्या शेताच्या सातबाऱ्याबरोबर जपून ठेवला आहे. एखाद्या उधाणानंतर खारेपाटातला कुणी शेतकरी करपल्या भाताकडे बघत स्वतःला बोल लावत बसला असेल, तर त्याला हा हिशेब कुणीतरी वेळेवर सांगावा. मला एवढंच म्हणायचं आहे.